आधी गाव, मग नाव

चेक पूर्वजांचा माग काढायला निघालेला माणूस सहसा एक आडनाव घेऊन येतो. नोव्हाक, स्वोबोडा, ड्वोर्झाक. घरात कुणीतरी सांगितलेले असते की पणजोबा ‘बोहेमियाहून’ आले, आगबोटीने आले आणि पुढे नेब्रास्कात त्यांनी जमीन घेतली. तेवढ्या भांडवलावर तो प्रागच्या अभिलेखागाराला विचारतो, आमचे नोव्हाक कुठले? या प्रश्नाला उत्तर नाही. नोव्हाक म्हणजे गावात नव्याने आलेला. असा नवा माणूस गावोगाव होता, म्हणून तर हे चेक देशात सर्वांत जास्त आढळणारे आडनाव झाले. तिथली दप्तरे माणसांच्या नावांनी लावलेली नाहीत. ती गावाच्या, चर्चच्या पॅरिशच्या आणि जहागिरीच्या नावांनी लावलेली आहेत. गाव सांगितले की ती बोलू लागतात. पुढच्या प्रकरणांतली सारी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून ती पहिल्याच पानावर सांगून ठेवतो.

अमेरिकेला गेलेली ही माणसे निघाली तेव्हा चेक नावाचा देश नकाशावर नव्हता. बोहेमिया, मोराविया आणि ऑस्ट्रियाच्या वाट्याचा सायलेशिया हे तिन्ही प्रांत हाब्सबुर्ग साम्राज्यात होते आणि २८ ऑक्टोबर १९१८ पर्यंत राहिले. शेतकऱ्याला जहागीरदाराच्या शेतावर फुकट राबावे लागे. त्या वेठीला ‘रोबोटा’ म्हणत. कारेल चापेक यांनी १९२० साली आपल्या नाटकातल्या कृत्रिम मजुरांना ‘रोबोट’ म्हटले ते याच शब्दावरून, आणि आज तो जगभर बोलला जातो. ही वेठ १८४८ मध्ये सुटली. माणूस मोकळा झाला, पण जमीन होती तेवढीच राहिली. पूर्ण शेताचा धनी तो सेडलाक. लहानशा तुकड्यावर भागवणारा तो खालुपनीक. नुसते घर आणि परसू असलेला तो डोमकार्झ. आणि दुसऱ्याच्या घरात आश्रयाने राहून मजुरी करणारा तो पोद्रुह. अमेरिकेला गेलेल्यांत मोठा भरणा मधल्या दोघांचा होता. सेडलाकाला जाण्याची निकड नव्हती आणि पोद्रुहाकडे तिकिटाचे पैसे नव्हते. ज्याच्याकडे विकण्यापुरते काहीतरी होते, पण मुलांत वाटण्यापुरते नव्हते, तो निघाला. अमेरिकेने १८६२ च्या कायद्याने वसाहतकऱ्यांना जवळजवळ फुकट जमीन देऊ केली आणि १८६७ नंतर ऑस्ट्रियानेही, लष्करी सेवेची अट सोडली तर, देशांतराची वाट मोकळी केली. १९१० च्या अमेरिकी खानेसुमारीत चेक मातृभाषेची माणसे, तिथे जन्मलेली त्यांची मुले धरून, पाच लाखांहून अधिक भरली.

प्रारंभीच्या प्रवासांपैकी एकाची कहाणी इथे सांगितलीच पाहिजे. योसेफ बर्गमान नावाचा प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक १८५० च्या सुमारास टेक्ससमधल्या कॅट स्प्रिंग या वस्तीत जाऊन राहिला. त्याने पाठवलेली पत्रे मायदेशी हातोहात फिरली, छापलीही गेली. ती वाचून पूर्व बोहेमियातल्या चेर्मना आणि आसपासच्या खेड्यांतली सत्तरहून अधिक माणसे १८५१ च्या अखेरीस निघाली. आधी हाम्बुर्ग, तिथून लिव्हरपूल, मग जहाजाने न्यू ऑर्लिन्स आणि शेवटी गॅल्व्हेस्टन. त्यांतली निम्म्याच्या आसपास माणसे वाटेत किंवा पोहोचल्यावर लगेच दगावली. तरीही १८५३ मध्ये त्याच मुलखातून दुसरी तुकडी गेली. तिच्यात योसेफ लेशिकार होता, ज्याने पहिल्या तुकडीच्या जाण्यासाठी खटपट केली होती. या कहाणीत अभ्यासकासाठी एक मोलाची खूण आहे. माणसे एकेकटी गेली नाहीत. गावच्या गाव, भावकीमागून भावकी, एकाच्या पत्रामागून दुसरा अशी गेली. म्हणून स्वतःच्या पणजोबांचे गाव सापडत नसेल तर त्यांच्या शेजाऱ्याचे शोधावे. त्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून कोण उभा राहिला, जमिनीच्या कागदावर साक्षीदार कोण होता, ते पाहावे. तो बहुधा त्यांच्याच गावचा निघतो.

गावाचा हा शोध समुद्राच्या अलीकडे, म्हणजे अमेरिकेतच, संपवायचा असतो. नवशिक्यांची सर्वांत मोठी घाई इथे होते. सरकारी कागद या कामी फारसे उपयोगी पडत नाहीत. खानेसुमारीत जन्मस्थानाच्या रकान्यात नुसते ‘बोहेमिया’ किंवा ‘ऑस्ट्रिया’ असते. १८९० च्या खानेसुमारीची कागदपत्रे तर १९२१ च्या आगीत जवळजवळ सगळीच गेली. नागरिकत्वाच्या जुन्या अर्जांत माणूस ऑस्ट्रियाच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडतो, एवढेच कळते. जन्मगाव नियमाने लिहिले जाऊ लागले ते १९०६ च्या कायद्यानंतर. गाव सापडते ते माणसांनी आपल्या माणसांसाठी लिहिलेल्या मजकुरात. चेक पाद्र्याने ठेवलेली विवाहनोंद, चेक वृत्तपत्रातली मृत्युवार्ता, परस्परसाहाय्य मंडळाच्या सभासदाचा अर्ज. सेंट लुइसमध्ये १८५४ साली स्थापन झालेले अशा प्रकारचे मंडळ पुढे अनेक राज्यांत पसरले आणि टेक्ससमधल्या चेकांनी १८९७ मध्ये स्वतःचे वेगळे मंडळ काढले. विमा द्यायचा म्हणजे माणसाची माहिती नीट हवी, आणि ती माहिती आज आपल्या कामी येते. ओमाहाहून निघणाऱ्या ‘होस्पोदार्झ’सारख्या शेतकी नियतकालिकात शेतकऱ्यांची पत्रे छापून येत, तीही याच शोधात चाळावीत.

थडगी मात्र मला या सर्वांहून जवळची वाटतात. टेक्सस, नेब्रास्का, आयोवा या राज्यांतल्या लहान लहान कबरस्तानांत चेक भाषेतले दगड उभे आहेत. ‘नार.’ म्हणजे जन्म, ‘झेम.’ म्हणजे मृत्यू, आणि स्त्रीच्या नावापुढे ‘रोझेना’ म्हणजे माहेरची अमुक. तीन शब्द ओळखता आले तरी दगड वाचता येतो. काही दगडांवर गावाचे नावही कोरलेले असते. ज्यांनी ते कोरवले त्यांना परत जायचे नव्हते, तरी आपण कुठले हे मागे राहायला हवे होते.

बंदरांची दप्तरे हा पुढचा टप्पा. त्यांत नशिबाचा भाग मोठा आहे. हाम्बुर्गहून सुटलेल्या प्रवाशांच्या याद्या १८५० पासून १९३४ पर्यंत टिकल्या आहेत आणि त्यांत प्रवाशाचे शेवटचे राहते ठिकाण लिहिलेले असते. ब्रेमेनच्या याद्या मात्र जागेअभावी तिथल्याच कचेरीने काही वर्षांनी नष्ट करण्याचा शिरस्ता ठेवला, आणि नंतरच्यांतल्या बऱ्याच दुसऱ्या महायुद्धात गेल्या. आज हाती आहेत त्या मुख्यतः १९२० ते १९३९ मधल्या. असंख्य चेक कुटुंबे ब्रेमेनहून गेली. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या बंदरात उतरताना केलेली यादीच काय ती उरते.

समजा, गावाचे नाव मिळाले. ते तपासल्याखेरीज पुढे जाऊ नये. मध्ययुगात जंगल तोडून वसलेल्या नव्या खेड्याला काही वर्षे सारा माफ असे. त्या मुदतीला चेकमध्ये ‘ल्हूता’ म्हणतात आणि त्यावरून गावांची नावे पडली ल्होता, ल्होत्का. अशी शेकडो गावे आहेत. नोवा व्हेस, म्हणजे नवे गाव, याचीही तीच कथा. शिवाय बहुतेक ठिकाणांना दोन नावे. चेक माणूस ज्याला लान्श्क्रोउन म्हणतो त्याला जर्मन कागद लांड्सक्रोन म्हणतो. चेस्के बुड्येयोवित्से जर्मनमध्ये बुडवाइस होते, ब्र्नोचे ब्र्युन होते. त्यात अमेरिकी कारकुनाने कानावर पडले तसे लिहिलेले. अशा वेळी नाव मोठ्याने म्हणून पाहावे. डोळ्याला न पटणारे कानाला पटते.

आणखी एक फसगत ‘स्वग्रामाच्या हक्का’ची. १८६३ च्या कायद्याने ऑस्ट्रियात प्रत्येकाला कुठल्यातरी गावाचा रहिवासी ठरवले. गरिबीत किंवा आजारपणात सांभाळण्याची जबाबदारी त्या गावावर. हा हक्क बापाकडून मुलाकडे येई. त्यामुळे पारपत्रावरचे गाव कधी कधी आजोबांचे असते आणि प्रवाशाने तिथे पाऊलही ठेवलेले नसते.

आता मूळ दप्तराकडे वळू. चर्चच्या जन्म, विवाह, मृत्यूच्या वह्यांना तिथे ‘मत्रिका’ म्हणतात. चेक प्रदेशातली सर्वांत जुनी मानली जाणारी मत्रिका १५३१ सालची, याखिमोव्ह या चांदीच्या खाणींच्या गावची. त्याच गावाच्या जर्मन नावावरून तिथल्या नाण्याला ‘टालर’ म्हणू लागले आणि टालरवरून ‘डॉलर’. ज्या डॉलरच्या आशेने पुढे लाखो माणसे गेली, तो शब्द त्यांच्याच मुलखातून आधी गेला होता. कॅथलिक चर्चने १५६३ च्या ट्रेंट परिषदेत बाप्तिस्मा आणि विवाह नोंदवण्याचा नियम केला. तीस वर्षांच्या युद्धाने बरेच उद्ध्वस्त केले, म्हणून सलग नोंदी बहुतेक ठिकाणी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सापडतात. १७८४ मध्ये सम्राट दुसरा योसेफ याने या वह्यांना सरकारी दस्तऐवजाचा दर्जा दिला, रकाने ठरवून दिले आणि प्रत्येक गावाची वही वेगळी केली. तिथून पुढे वाचणे पुष्कळ सोपे होते. घरक्रमांक, बाळाचे नाव, धर्म, औरस की अनौरस, आईबाप, धर्ममातापिता, सुईण. नंतरच्या काळात आईबापांचेही आईबाप. एका नोंदीत तीन पिढ्या.

या रकान्यांतला घरक्रमांक नवशिका वगळून पुढे जातो, आणि या विषयातला खरा धागा तोच आहे. १७७०-७१ मध्ये मारिया तेरेझाच्या राजवटीत सैन्यभरतीच्या सोयीसाठी घरांना क्रमांक दिले गेले. ते रस्त्याच्या क्रमाने चालत नाहीत. नवे घर बांधले की त्याला पुढचा क्रमांक. मध्ये कुठे कुठे फेरआकडेही झाले, तेवढे तपासावे लागतात. पण एकूण घर आडनावापेक्षा स्थिर असते. कारण १७८० च्या दशकापूर्वी आडनाव पक्के नव्हते. घरजावई म्हणून आलेला माणूस सासऱ्याच्या घराचे नाव घेई. त्याला ‘खालुपेवरून’, म्हणजे घरावरून, ‘पडलेले नाव’ म्हणतात. बाप एका नावाचा आणि मुलगा दुसऱ्या नावाचा, कधी दोन सख्खे भाऊ दोन आडनावांचे, असे वहीत दिसते. पाद्री मध्ये ‘उर्फ’ अशा अर्थाचा शब्द घालतो, किंवा घालतही नाही. आडनाव धरून चालणारा इथे वाट चुकतो आणि भलत्याच घराण्याला आपले म्हणून बसतो. घर धरून चालणारा चुकत नाही. वंश म्हणजे रक्त आणि नाव, ही आपली समजूत या वह्यांपुढे टिकत नाही. त्या गावासाठी तू कोण याचे उत्तर, तू कुठल्या चुलीजवळ बसतोस, हे होते.

स्त्रियांच्या आडनावाला ‘-ओवा’ प्रत्यय लागतो, तो अमेरिकेत बहुधा गळाला. पुरुषांची पाळण्यातली नावेही बदलली. यान झाला जॉन आणि फ्रान्तिशेक झाला फ्रँक, हे ओळखता येते. वोय्त्येखचा आल्बर्ट आणि वात्स्लाव्हचा जेम्स मात्र माहीत असल्याखेरीज सुचत नाहीत. आडनावांचे कुणी भाषांतरही केले: कोवार्झ म्हणजे लोहार, तो स्मिथ झाला.

लिपीची भीती घालून घेऊ नये. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये, नंतरच्या जर्मन किंवा चेकमध्ये, आणि बऱ्याचशा ‘कुरेंट’ नावाच्या जर्मन वळणाच्या जलद लिपीत आहेत. मोडी शिकलेल्या वाचकाला हा अनुभव नवा नाही. हात न उचलता लिहिलेली अक्षरे, एकसारखी दिसणारी वळणे, आणि सवयीने हळूहळू उघडणारे पान. शब्दसंपदा थोडी असते. शंभर-दीडशे शब्द आले की बहुतेक नोंदी लागतात. दोन ठिकाणी सावध राहावे. १८४० च्या दशकातल्या सुधारणांपूर्वी चेक लेखनाची रीत वेगळी होती. आज यान लिहितात तिथे तेव्हा वेगळेच आद्याक्षर असे, ते ‘ग’ वाचले जाते आणि यानचा ‘गान’ होतो. दुसरे महिन्यांचे. सातचा आकडा घालून पुढे ‘बेर’ लिहिले असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर, कारण लॅटिनमध्ये ‘सेप्तेम’ म्हणजे सात. याच हिशेबाने आठ ऑक्टोबर, नऊ नोव्हेंबर, दहा डिसेंबर. या चुकीने जन्म दोन महिने मागे गेला की लग्नानंतर सात महिन्यांनी झालेले मूल पाच महिन्यांत जन्मलेले ठरते आणि नसलेली कहाणी तयार होते.

मत्रिकेपाशी बहुतेक जण थांबतात. थांबू नये. १६५१ मध्ये बोहेमियातल्या प्रजेची धर्मवार यादी झाली, १६५४ मध्ये साऱ्यासाठी शेतांची गणती झाली, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात १:२८८० या प्रमाणात मोजणीचे नकाशे निघाले. त्या नकाशांवर प्रत्येक घर, परसू आणि बांध दिसतो. पण माणूस भेटतो तो जमिनीच्या वह्यांत, ज्यांना तिथे ‘ग्रुंटांच्या वह्या’ म्हणतात. शेत एकाच वारसाला मिळे. त्याने भावंडांचे वाटे वर्षानुवर्षे हप्त्याने फेडायचे, आणि म्हाताऱ्या आईबापांसाठी ‘व्हीम्येनेक’ म्हणजे त्यांच्या हयातीची तरतूद करायची. ही तरतूद शब्दाशब्दाने लिहिलेली असते. राहायला कुठली खोली, राय किती माप, दूध किती, अंडी किती, बागेतले कुठले झाड त्यांचे, चुलीजवळ बसण्याची जागा. मुलावर विश्वास नव्हता म्हणून हे लिहिले असे घाईने समजू नये. पण हेही खरे की चुलीजवळची जागा कागदावर घ्यावी लागत होती. याच करारात ज्या भावाला वाट्यापोटी थोडी रक्कम मिळून त्याचे नाव तिथे संपते, तो पुढे हाम्बुर्गच्या यादीत सापडण्याचा संभव मोठा. स्थलांतराचे कारण मला कुठल्याही आकडेवारीपेक्षा त्या करारात अधिक स्पष्ट दिसते.

एक उदाहरण सर्वांना माहीत असलेल्या घराण्याचे देतो. माजी अमेरिकी सिनेटर जॉन केरी बॉस्टनचे. आडनाव आयरिश वाटणारे, शहरही आयरिश वस्तीचे, त्यामुळे त्यांना आयरिश समजणारे पुष्कळ होते. आजोबा ऑस्ट्रियातून आले एवढे त्यांना ठाऊक होते. २००३ साली ‘बॉस्टन ग्लोब’साठी फेलिक्स गुंडाकर या ऑस्ट्रियन वंशशोधकाने माग काढला, तो सायलेशियातल्या होर्नी बेनेशोव्ह या गावी पोहोचला. तिथे १८७३ मध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेला फ्रिट्झ कोह्न विसाव्या शतकाच्या आरंभी नाव बदलून फ्रेडरिक केरी झाला, कॅथलिक झाला आणि १९०५ मध्ये अमेरिकेत उतरला. आजीचा एक भाऊ आणि एक बहीण पुढे नाझी छळात मारली गेली, हेही उजेडात आले. नातवाला हे साठीच्या उंबरठ्यावर कळले. शोधाची वाट तीच, जी या पुस्तकात सांगितली आहे: गाव, मग जन्मनोंद, मग तिच्यापासून पुढे.

फ्रिट्झ कोह्न याला चेक म्हणायचे का, हा प्रश्न खुशाल विचारावा. त्या प्रांतांत चेक, जर्मन आणि ज्यू शेजारी राहत. ऑस्ट्रियाची खानेसुमारी १८८० पासून माणसाला व्यवहाराची भाषा विचारी, राष्ट्रीयत्व विचारत नसे. आपण आजचे शब्द मागे नेऊन त्यांच्यावर चिकटवू नयेत. कागदावर जे आहे ते तसेच उतरवावे.

काही दारे कायमची बंद झाली आहेत. ज्यू समाजाच्या मूळ मत्रिका नाझींनी युद्धाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणात नष्ट केल्या. उरल्या त्या मुख्यतः नकला, प्रागच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. प्रागचा जुना टाउन हॉल मे १९४५ मध्ये जळाला आणि शहराच्या दप्तराचा मोठा भाग त्यात गेला. प्रॉटेस्टंट कुटुंबांना १७८१ मध्ये धर्म पाळण्याची मुभा मिळाली, तरी १८४९ पर्यंत त्यांच्या नोंदी कॅथलिक पाद्र्याच्या वहीतही शोधाव्या लागतात.

उरले आहे ते मात्र अफाट आहे, आणि ते सांभाळणाऱ्यांचे मोल मोठे आहे. प्राग, त्र्झेबोन्य, प्लझेन्य, लितोम्येर्झित्से, झामर्स्क, ब्र्नो आणि ओपावा इथल्या प्रादेशिक अभिलेखागारांनी आणि प्राग शहराच्या स्वतंत्र अभिलेखागाराने आपल्या मत्रिका पानापानाने छायांकित करून जगाला विनाशुल्क खुल्या केल्या आहेत. जन्माची वही शेवटच्या नोंदीनंतर १०० वर्षांनी आणि विवाहाची ७५ वर्षांनी अभिलेखागारात येते. पुण्यात बसून त्र्झेबोन्यच्या किल्ल्यातले पान वाचता येते.

तेव्हा सुरुवात करा. घरातल्या, ओळखीतल्या सर्वांत वृद्ध माणसाला गावाचे नाव विचारा आणि ते ज्या उच्चारात सांगतील त्याच उच्चारात लिहून घ्या, स्वतः सुधारू नका. पहिली नोंद सापडली की त्याच पानावरच्या शेजारच्या घरांच्याही नोंदी वाचा. आणि जे उतरवाल त्याच्याशेजारी अभिलेखागार, गाव, वहीचा क्रमांक, पान आणि घरक्रमांक न चुकता लिहा, म्हणजे तुमच्यानंतर येणाऱ्याला ती नोंद पुन्हा उघडून तुमचे वाचन तपासता येईल.